आयर्लंडची लेस : दुष्काळातून उभे राहिलेले विणकाम

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी जुन्या ट्रंकेत किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर क्रोशाचा एखादा तरी रुमाल असतोच. आईच्या किंवा आजीच्या रुखवतात तो मांडलेला असतो, पुढे काही वर्षे रेडिओवर, मग टीव्हीवर पसरलेला असतो आणि एके दिवशी त्याची घडी होऊन तो आत जातो. यंदाच्या हळदीकुंकवाला आम्ही महिला शाखेतल्या काहीजणींनी असे जुने नमुने एका टेबलावर मांडले होते. तोरणे होती, ताटावरचे रुमाल होते, बाळंतविड्यातली टोपडी होती. त्यांतल्या एका रुमालावर मधोमध उठावाचा गुलाब होता. एकावर एक तीन थर पाकळ्या, बोटाला फुलासारख्या लागणाऱ्या. एका सभासद भगिनीने विचारले, "ही वीण आपली की बाहेरची?" एका ज्येष्ठ मावशी म्हणाल्या, "आम्ही याला आयरिश गुलाब म्हणायचो. का म्हणायचो, ते नाही माहीत."

त्या 'का'चे उत्तर शोधता शोधता हा लेख झाला.

लेस म्हणजे नेमके काय?

बाजारात आपण साडीला किंवा परकराला लावायला जी पट्टी मागतो, ती सगळीच आपल्या लेखी लेस असते. जाणकार मात्र थोडा भेद करतात. आधी कापड असते आणि त्यावर दोऱ्याने नक्षी होते, ते भरतकाम. कापड नसतेच, नुसत्या दोऱ्यातून नक्षी आणि तिच्यातली भोके दोन्ही एकदम तयार होतात, ती खरी लेस. ती सुईने करतात, किंवा लाकडी बॉबिनवर गुंडाळलेले अनेक दोरे एकमेकांत पिळून करतात. क्रोशा त्यांच्यानंतरचा, एका आकड्याने साखळ्या ओढून करायचा.

आयर्लंडची लेस म्हणून जगात जे ओळखले जाते, त्यात हे सगळेच आले आहे. लिमरिक आणि कॅरिकमॅक्रॉस या दोन प्रसिद्ध लेसना यंत्रावर विणलेल्या जाळीचा आधार असतो, यॉलची लेस निव्वळ सुईची असते आणि क्लोनिस व कॉर्कची क्रोशाची. प्रत्येकीला गावाचे नाव आहे, जसे आपल्याकडे पैठणी, नारायणपेठ, इरकल.

कॅरिकमॅक्रॉस : कात्रीची कसोटी

यांतली सर्वांत जुनी कॅरिकमॅक्रॉसची. मोनाहन परगण्यातल्या डोनामॉइन गावच्या धर्मगुरूंच्या पत्नी श्रीमती ग्रे पोर्टर यांनी इटलीहून आणलेले नमुने पाहून १८२० च्या सुमारास हे काम सुरू केले. त्यांनी ते आपल्याकडे कामाला असलेल्या अ‍ॅन स्टेडमन या मुलीला शिकवले. पुढे त्याच भागातल्या कुमारी रीड यांनी गावातल्या मुलींना शिकवायला सुरुवात केली आणि एका घरातली हौस गावाचा धंदा झाली.

करण्याची रीत अशी. खाली नक्षीचा कागद, त्यावर बारीक जाळी, तिच्यावर पातळ मलमल. तिन्ही थर कच्च्या टाक्यांनी एकत्र बांधायचे. नक्षीच्या रेषेवरून एक जाडसर दोरा ठेवायचा आणि तो दुसऱ्या अगदी बारीक दोऱ्याच्या टाक्यांनी मलमल व जाळीला धरून बसवायचा. बाहेरच्या कडेला त्याच दोऱ्याची छोटी छोटी वेटोळी करत जायचे. या वेटोळ्यांवरून ही लेस लगेच ओळखू येते. सगळी नक्षी अशी बांधून झाली की कागद सोडवायचा आणि फुलापानांच्या बाहेरची मलमल कात्रीने कापून काढायची. फुले दाट पांढरी उरतात आणि भोवती जाळी मोकळी होते.

ऐकायला सोपे वाटते. पण कात्री जाळीला नुसती लागली तरी कित्येक दिवसांचे काम वाया जाते. म्हणून या कामाच्या कात्रीच्या एका पात्याला टोकाशी बोथट गोळी असते. जाळी न लावता फुले आडव्या दोऱ्यांच्या पुलांनी जोडायची, असाही याचा एक प्रकार आहे.

लिमरिक : आपल्या ओळखीचा आकडा

लिमरिकची लेस एका व्यापाऱ्याने आणली. चार्ल्स वॉकर हा इंग्रज १८२९ मध्ये शिकवण्यासाठी २४ मुली बरोबर घेऊन लिमरिकला आला आणि त्याने तिथे कारखाना काढला. त्याआधी वीसेक वर्षे जॉन हीथकोट याने षटकोनी घरांची जाळी विणणारे यंत्र इंग्लंडमध्ये तयार केले होते. जाळी स्वस्त झाली, तिच्यावर हाताने नक्षी काढायला स्वस्त मजुरीचे हात हवे होते आणि आयर्लंडमध्ये ते होते. गणित सरळ होते.

या लेसचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात जाळी चौकटीवर ताणून बसवतात, एक हात वर आकडा धरतो आणि दुसरा हात खालून दोरा पुरवतो. आकडा जाळीतून खाली जातो, दोऱ्याचा फास वर ओढतो आणि साखळी टाका उमटत जातो. आपल्या हैदराबादेत ज्यांनी ब्लाउजवर मग्गम वर्क करून घेतले आहे, त्यांना हे वर्णन नवे वाटणार नाही. कारागिरांच्या हातातली आरी हेच काम करते. युरोपात या पद्धतीला 'तांबूर' म्हणतात. फ्रेंचमध्ये तांबूर म्हणजे ढोल. गोल चौकटीवर ताणलेले कापड ढोलासारखे दिसते, म्हणून ते नाव. ही कला अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात गेली असे मानतात. आपल्याकडचा आकडा लिमरिकला जाऊन जाळीवर उतरला, असे म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या प्रकारात साधी सुई वापरतात आणि जाळीच्या घराघरांतून धावदोरा घालत नक्षी भरतात. तो अधिक नाजूक दिसतो. चांगल्या नगात दोन्ही एकत्र असतात. कडा साखळी टाक्याच्या आणि पाकळ्यांच्या आत सुईने भरलेल्या वेगवेगळ्या जाळ्या, कुठे चौकडी, कुठे तारका, कुठे ठिपके. एकाच फुलाच्या पाच पाकळ्यांत पाच जाळ्या भरून कारागीर आपला हात दाखवत असे.

दुष्काळ

या लेसच्या इतिहासाचा मुख्य भाग इथून पुढे आहे.

१८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला. जमीन बहुतेक मोठ्या जमीनदारांची, शेतकरी कुळे. धान्य आणि जनावरे खंडासाठी जायची आणि गरिबांचे पोट छोट्याशा तुकड्यावर लावलेल्या बटाट्यावर चालायचे. रातोरात शेते काळी पडली, बटाटे मातीतच सडले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. १८५२ पर्यंत चाललेल्या या काळात सुमारे १० लाख माणसे भुकेने आणि साथींनी मेली, निदान तितकीच देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत ८१ लाखांवर असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि जनावरे इंग्लंडला जातच होती. सरकारने दुष्काळी कामे काढली, रस्त्यांसाठी दगड फोडायची. आमच्यातल्या ज्यांनी मराठवाड्यात बाहत्तरचा दुष्काळ पाहिला आहे, त्यांना खडीच्या ढिगाजवळ बसलेल्या बायांचे चित्र वेगळे सांगायला नको.

अशा वेळी घरातल्या बाईला करता येईल, भांडवल लागणार नाही आणि बाहेरच्या जगात पैसे देऊन घेतले जाईल असे काम कोणते? कॉन्व्हेंटमधल्या नन, गावोगावच्या धर्मगुरूंच्या बायका आणि काही जमीनदारांच्या घरच्या स्त्रिया यांना एकच उत्तर सुचले, ते म्हणजे लेस. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातली दरी त्या देशात फार खोल होती. लेसच्या शाळा मात्र दोन्हीकडे निघाल्या.

यॉल : उसवून शिकलेली विद्या

कॉर्क परगण्यातल्या यॉल गावी प्रेझेंटेशन कॉन्व्हेंटमध्ये मदर मेरी अ‍ॅन स्मिथ नावाच्या नन होत्या. १८४० च्या दशकात त्यांच्या हाती जुन्या इटालियन लेसचा एक तुकडा आला. शिकवणारे कोणी नव्हते. त्यांनी तो तुकडा टाका टाका करून उसवला, दोरा कुठून आला आणि कुठे गेला ते पाहिले, आणि तसाच परत करून पाहिला. मग सुईकामात हात बसलेल्या मुलींना शिकवले. १८५२ मध्ये तिथे लेसची शाळा सुरू झाली.

यॉलची लेस करताना नक्षी काढलेल्या कापडावर रेषेरेषेवरून दोरा मांडतात आणि तात्पुरत्या टाक्यांनी अडकवतात. हा झाला सांगाडा. मग त्या दोऱ्यांना धरून काज टाक्यांच्या ओळी घालत मधली जागा भरतात. सुई कापडाला टोचायची नाही, ती फक्त दोऱ्यातून फिरवायची. टाके जवळ घातले की पाकळी भरीव दिसते, लांब घातले की जाळी पडते. शेवटी कापड आणि सांगाडा यांच्यामधले तात्पुरते टाके कापले की लेस कापडापासून सुटून हातात येते. आपण शर्टाला काज करताना जो टाका घालतो, तोच हजारो वेळा घालून ही लेस उभी राहते. केरी परगण्यातल्या केनमेअरच्या कॉन्व्हेंटनेही पुढे याच जातीच्या, तागाच्या दोऱ्यातल्या लेससाठी नाव मिळवले.

क्लोनिस आणि कॉर्क : क्रोशाचा आकडा

सुईची लेस सुंदर खरी, पण फार हळू होते. पोटासाठी काम करणाऱ्यांना आठवड्याच्या शेवटी हातात पैसे हवे होते. क्रोशा तिच्यापेक्षा कितीतरी भरभर होतो. साधन म्हणजे एक आकडा आणि दोरा. आकडाही विकत घ्यावा लागत नसे. लाकडाच्या किंवा बुचाच्या तुकड्यात तार नाहीतर सुई खोचायची आणि टोक घासून वाकवायचे, की झाले काम.

कॉर्कमध्ये उर्सुलाइन कॉन्व्हेंटमुळे क्रोशा पसरला. मोनाहन परगण्यातल्या क्लोनिस गावी तो कॅसांड्रा हँड यांनी १८४७ मध्ये नेला. त्या तिथल्या धर्मगुरूंच्या पत्नी होत्या. थोड्याच काळात आसपासच्या घराघरांतून बायका-मुली विणू लागल्या. या कामातून घरभाडे भरले गेले, बियाणे आले, कुणाचे अमेरिकेच्या जहाजाचे तिकीट निघाले.

आयरिश क्रोशा आपल्या रुमालांसारखा मधून सुरू होऊन गोल गोल वाढत नाही. आधी फुले, पाने, द्राक्षाचे घड, तीन पानांचा शॅमरॉक असे सुटे नग विणतात. दोन-चार पदरी जाड दोरा हातात धरून त्याच्यावरूनच खांब घालत गेले की कडेला फुगीर उठाव येतो. गुलाब थरांचा असतो. मधल्या कड्यावर आधी छोट्या पाकळ्या घालायच्या, मग त्यांच्या पाठीमागे साखळ्यांच्या कमानी टाकून त्यांवर मोठ्या पाकळ्या, त्यांच्या मागे आणखी मोठ्या. मावशींच्या रुमालातला गुलाब हाच.

सगळे नग झाले की ते नक्षी काढलेल्या कापडावर उपडे, म्हणजे उलटी बाजू वर करून टाचतात. मग मधली रिकामी जागा साखळ्यांच्या जाळीने भरत सगळे एकमेकांना जोडतात. या जाळीत मध्ये मध्ये मण्यासारखी गाठ येते, तिला क्लोनिसची गाठ म्हणतात. साखळी घातल्यावर आकडा दोऱ्याच्या एकदा वरून, एकदा खालून असा झुलवत त्याच्यावर आठ-दहा वेढे घ्यायचे, मग दोरा सगळ्या वेढ्यांतून एकदम ओढून बंद करायचा. आमच्यातल्या दोघींनी हे करून पाहिले. पहिल्या वीसेक गाठी सुटल्या किंवा वाकड्या झाल्या. वेढे सैल हवेत आणि सारखे हवेत, हे हाताला कळायला वेळ लागतो.

सुट्या नगांमुळे कामाची वाटणी सोपी झाली. एका घरात गुलाब, दुसऱ्यात पाने, तिसऱ्यात द्राक्षे. जोडणारी बाई वेगळी. एखाद्या घराचा नमुना त्या घराचाच असे आणि शेजारणीची चाहूल लागली की हातातले काम झाकून ठेवत, असे सांगतात. नमुना हेच त्या घराचे शेत होते, तर झाकणार नाहीत का?

आणि हे सारे दगडामातीच्या, पीटच्या विस्तवाने धुरकटलेल्या झोपड्यांत, खिडकीजवळच्या उजेडात चालायचे. पांढराशुभ्र दोरा तिथे पांढरा ठेवणे हीच अर्धी कला म्हणावी लागेल.

चढउतार

दुष्काळ सरला तशी मदतीसाठी निघालेली अनेक केंद्रे मंदावली. तेच तेच नमुने निघू लागले, दर्जा घसरला. १८८० च्या दशकात पुन्हा जाग आली. १८८३ च्या कॉर्कच्या प्रदर्शनानंतर लंडनच्या साउथ केन्सिंग्टनचे अ‍ॅलन कोल आणि कॉर्कच्या कला शाळेचे जेम्स ब्रेनन यांनी कॉन्व्हेंटमध्ये चित्रकलेचे वर्ग आणि नवी रेखाटने नेली. लिमरिकची लेस फ्लॉरेन्स व्हीर ओब्रायन यांनी सावरली आणि १८९३ मध्ये तिथे शिक्षणाची शाळा काढली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयरिश क्रोशाचे कोट आणि झगे पॅरिसच्या फॅशनमध्ये मिरवत होते.

मग १९१४ चे महायुद्ध आले. त्यानंतर कपडे साधे झाले. यंत्रे हुबेहूब नक्कल करू लागली. एका गळपट्टीला आठवडे घालवणारी बाई त्या किमतीला पुरी पडेना. गावागावात म्हाताऱ्या हातांत ही विद्या उरली.

ती संपली नाही, याचे श्रेय त्या हातांना आणि त्यांच्याजवळ बसून शिकलेल्या थोड्या मुलींना. कॅरिकमॅक्रॉसमध्ये १९८४ साली कारागिरांची सहकारी संस्था स्थापन झाली. लिमरिक, कॅरिकमॅक्रॉस आणि आयरिश क्रोशा आता आयर्लंडच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत आहेत. २०११ मध्ये केट मिडलटन यांच्या लग्नाच्या पोशाखावरचे काम कॅरिकमॅक्रॉसच्या धर्तीवर लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कमध्ये झाले. दोरा मळू नये म्हणून कारागीर दर अर्ध्या तासाने हात धूत आणि दर तीन तासांनी सुई बदलत. धुरकट झोपडीतल्या बाईला कुणी सुया बदलून दिल्या नव्हत्या.

गोदावरीच्या तोंडाशी

आपल्यासाठी या गोष्टीचा एक धागा जवळच आहे. आपल्या त्र्यंबकेश्वरची गोदावरी समुद्राला मिळते त्या मुलखात, तिच्या वसिष्ठा फाट्यावर नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ख्रिस्ती मिशनऱ्यांनी त्या भागातल्या बायकांना क्रोशा शिकवला आणि आज हजारो घरांत तो चालतो. तिथेही नगांची वाटणी आहे, तिथेही नग गोळा करून जोडणारे वेगळे आणि विकणारे वेगळे. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या बायकांवर अभ्यास करून १९८२ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या या बायकांना कामगार कुणी म्हणत नव्हते. 'घरी बसून फावल्या वेळात करतात' असे म्हटले की मजुरी कमी देता येते, हे त्यांनी दाखवून दिले. २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. त्याचा पैसा विणणारीच्या हातापर्यंत किती पोहोचतो, हे विचारत राहायला हवे.

'फावल्या वेळात' हा शब्द आपल्याही घरात फार ऐकलेला आहे. आयर्लंडच्या लेसच्या इतिहासात शाळा काढणाऱ्या बाईंचे नाव आहे, व्यापाऱ्याचे आहे, ती नेसून मिरवणाऱ्या राण्यांचे आहे. गुलाब विणणारीचे बहुतेक नाही. संग्रहालयातल्या कपाटात काचेमागे लेस असते आणि खाली लिहिलेले असते गाव आणि साल.

आमच्या हळदीकुंकवाच्या टेबलावरही तेच झाले होते. 'कुणी विणले?' या प्रश्नाला निम्म्या घरांकडून 'सासूबाईंच्या माहेरचे असावे' इतकेच उत्तर आले. म्हणून आम्ही एक छोटे काम सुरू केले आहे. प्रत्येक नगाच्या मागे पांढऱ्या फितीचा तुकडा टाचायचा आणि त्यावर न पुसणाऱ्या शाईने विणणारीचे नाव, गाव आणि आठवत असेल तर साल लिहायचे. आपल्या ट्रंकेतला रुमाल काढा, घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला दाखवा आणि विचारा. डांबराच्या गोळ्या दोऱ्याला लागू देऊ नका, वर्षातून एकदा घडी बदला, नाहीतर तिथेच तो विरतो.

गुलाबाच्या रुमालावर आता फीत लागली आहे. मावशींनी आठवून सांगितले, तो त्यांच्या मोठ्या जावेने विणला होता, काचीगुड्याच्या वाड्यातल्या जिन्यावर बसून, दुपारच्या उजेडात.